गोठ्याचं पाणी जातं कुठे?

तीन पावसाळ्यांपूर्वी, श्रावणाच्या तोंडावर, मी छत्री धरून गोठ्यामागे उभा राहिलो आणि मूठभर भाताचं तूस तिथल्या पाण्यात सोडलं. मग तुसाच्या मागोमाग चालत निघालो. काकीने खळ्यातून हाक मारली, "रे, काय हरवला तुझा?" हरवलं काहीच नव्हतं. चुलतभाऊ नुकताच लेप्टोतून, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापातून, उठला होता आणि आमच्या गोठ्यातून निघालेलं पाणी शेवटी जातं कुठे, एवढंच मला बघायचं होतं.

तूस आधी गायरीला, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याला, वळसा घालून गेलं. तिथलं काळं पाणी त्याला येऊन मिळालं. पुढे विहिरीच्या कठड्याला जवळजवळ खेटून ते पाणंदीत उतरलं. याच पाणंदीने शाळेची पोरं चपला हातात घेऊन जातात. पाणंद ओलांडून ते खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, शिरलं. त्या कुणग्यात आमचा तरवा, म्हणजे लावणीची भाताची रोपं, असतो, आणि भावाने दोन दिवस तिथेच चिखलात बसून तरवा काढला होता. गोठ्यापासून कुणग्यापर्यंत सगळा प्रवास दहा मिनिटांचा. मी इतकी वर्षं त्या पाण्यावरून उड्या मारत गेलो होतो.

"गुरांमुळे, कुत्र्यामांजरांमुळे रोग होतात का हो?" असं लोक विचारतात. मुंबईहून चतुर्थीला आलेली मंडळी तर गोठ्याकडे बघूनच नाक धरतात. पण वास हा काही रोग नव्हे. शेणाचा वास येणाऱ्या घरात कुणी आजारी पडत नाही आणि फिनाईलचा वास येणाऱ्या घरात पडतं, असंही होतं. रोगाला जनावराच्या अंगातून माणसाच्या अंगात यायला ठरावीक वाट लागते. कुणी पाण्यातून येतो, कुणी दुधातून, कुणी गोचिडीच्या पाठीवर बसून, कुणी लाळेतून. एकाची वाट दुसऱ्याला चालत नाही. वाट कळली की ती अडवायचा खर्च बहुतेक वेळा फावड्याएवढाच असतो. ती कळली नाही तर आपण घरभर डेटॉल शिंपडत बसतो आणि रोग मागच्या दाराने येतो.

आपल्याकडे पावसाळ्यात सगळ्यात जास्त वाहती वाट लेप्टोची, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

लेप्टोस्पायरा हा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बारीक स्प्रिंगसारखा दिसतो, टोकाला आकड्यासारखा वाकलेला. तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो म्हणून त्याच्या एका मुख्य जातीचं नावच 'इंटेरोगान्स' ठेवलं गेलं. कावीळ, ताप आणि मूत्रपिंडांचा बिघाड एकत्र असलेला हा आजार १८८६ साली जर्मनीत अडॉल्फ वाइल यांनी नोंदवला. जिवाणू हाती लागला तो १९१५ मध्ये जपानी संशोधक इनादा आणि इदो यांना, कोळसा खाणीतल्या मजुरांच्या आजाराचा शोध घेताना. कोळशाची खाण आणि आपला लावणीचा कुणगा यांत वरवर काही साम्य नाही. पण दोन्हीकडे साचलेलं पाणी, उंदीर आणि खरचटलेले हातपाय असतात, आणि या जिवाणूला तेवढंच पुरतं.

जनावराच्या अंगात तो राहतो मूत्रपिंडात, लघवी तयार होते त्या बारीक नळ्यांमध्ये. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा तिथे फारशी पोचत नाही, त्यामुळे तो निवांत वाढतो आणि लघवीवाटे बाहेर पडत राहतो. गाय बाहेरून धडधाकट असते, चरते, दूध देते आणि महिनोन्महिने जिवाणू सोडत असते. उंदीर तर बहुतेक जन्मभर सोडतो. म्हणून "आमची गाय आजारी नाही, मग लेप्टो कुठून आला?" या प्रश्नाला अर्थ नाही. गाय आजारी दिसलीच, तर ती गाभडते किंवा तिचं दूध एकाएकी आटतं. वासरांना कधी लाल लघवी होते.

लोक उंदरावर सगळा दोष ढकलून मोकळे होतात. उंदीर गुन्हेगार आहेच, पण एकटा नाही. जसे आंब्यात हापूस, पायरी, रायवळ, तसे या जिवाणूचे अडीचशेहून अधिक वाण आहेत. काही वाण उंदराला धार्जिणे, काही गुरांना, काही कुत्र्याला, काही डुकराला. कुत्र्याला दरवर्षी देतात त्या लसीत यातले मोजकेच वाण असतात. म्हणून लस टोचलेला कुत्राही "लेप्टोतून सुटला" असं छातीठोक म्हणता येत नाही. अर्थात लस द्यावीच. माणसांसाठी मात्र अशी सरसकट मिळणारी लस आपल्याकडे नाही.

लघवीतून बाहेर पडल्यावर पुढे काय होतं, ते सगळ्यात महत्त्वाचं. हा जिवाणू वाळला की मरतो, कडक उन्हात मरतो, उकळल्यावर मरतो, साबणाने आणि क्लोरीननेही मरतो. आम्ल त्याला सोसत नाही, खाऱ्या पाण्यात तो फार टिकत नाही. म्हणून मे महिन्यात तापलेल्या कातळावर गाय मुतली तर काळजीचं कारण नाही. पण गोड्या, साचलेल्या, सावलीतल्या पाण्यात आणि ओल्या चिखलात तो कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो.

आता कुणी जाणकार म्हणेल, कोकणातली जांभ्याची माती तर आम्लधर्मी, मग तो इथे जगतो कसा? कारण भातशेतीत आपण जमीन पाण्याखाली बुडवून ठेवतो. आम्लधर्मी जमीन आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली की तिचं आम्ल उतरतं, ती ना आंबट ना खारी अशा मधल्या अवस्थेकडे सरकते. भाताच्या मुळांना ते मानवतं आणि दुर्दैवाने लेप्टोलाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, उतारावरची घरं, वर गोठा आणि खाली शेत. मुद्दाम आखणी करून लेप्टोला राहायला घर बांधायचं म्हटलं, तरी यापेक्षा सोयीचं जमलं नसतं.

शरीरात तो शिरतो कातडीच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून, नाहीतर डोळ्या-नाका-तोंडातून. धड, कोरडी कातडी त्याला सहसा आत घेत नाही. पण लावणीच्या दिवसांत धड आणि कोरडी कातडी कुणाची असते? चार दिवस चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात. टाचांना भेगा असतातच. नांगराला, दगडाला, खेकड्याच्या नांगीला पाय लागतात. तरवा काढताना बायका जुडीची मुळं पायावर आपटून चिखल झाडतात. दिवसभरात किती वेळा, ते मोजून बघा. तो चिखल उडून चेहऱ्यावर येतो, डोळ्यात जातो. तोंड पुसायला हात वर जातो, तोही चिखलाचाच.

इथे मला सरकारी भित्तिचित्रांबद्दल एक बोलायचं आहे. त्यांत गमबूट आणि रबरी हातमोजे घातलेला हसतमुख शेतकरी असतो. गोठा धुताना, गटार उपसताना गमबूट उत्तम, ते घालाच. पण ज्याने कुणी लावणी केली आहे त्याला ठाऊक आहे की मऊ चिखलात गमबूट पाचव्या पावलाला रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो. जे होणार नाही ते सांगत बसण्यापेक्षा होण्यासारखं सांगावं. चिखल्या पडल्या असतील तर त्या आधी बऱ्या कराव्यात, दुर्लक्ष करू नये. भेगांवर रात्री मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, चोळायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, कारण कातडी फाटली नाही की दारच बंद. ताजी जखम असेल त्याने दोन दिवस बांधावर बसावं किंवा निदान पाणी न शिरणारी पट्टी लावावी. संध्याकाळी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पाय बुचकळून घरी येणं म्हणजे धुणं नव्हे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने, साबण लावून, बेचक्यांसकट धुवावं आणि कोरडं पुसावं. हे शेवटचं 'कोरडं' पुष्कळ जण विसरतात.

साथ असलेल्या गावांत आरोग्य विभाग डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतो. मुंबईतही तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना पालिका डॉक्टरकडे जाऊन याच औषधाचं विचारा असं सांगते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर शहरात लेप्टोची मोठी साथ आली होती, म्हणजे हे काही फक्त शेतकऱ्याचं दुखणं नाही. या गोळ्या आशाताई किंवा डॉक्टर सांगतील तशाच घ्यायच्या. गरोदर बाई आणि लहान मुलं यांना त्या चालत नाहीत. शेजाऱ्याच्या डब्यातली उरलेली गोळी तोंडात टाकायची ही वस्तू नव्हे.

ताप येतो साधारण पाच ते चौदा दिवसांनी. म्हणजे लावणी संपलेली असते, माणूस चिखल विसरलेला असतो. एकदम थंडी-ताप, डोकं फुटेल असं दुखणं आणि अंगदुखी. ही अंगदुखी ओळखण्याची खूण म्हणजे पोटऱ्या आणि कंबर. पोटरीला नुसता हात लावला तरी माणूस कळवळतो. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. माझ्या भावाच्या बाबतीत काकीचं निदान होतं, "पोटरे धरले हत. लावणीचो शीण तो, दुसरा काय?" त्या शिणात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याची लघवी कमी झाली आणि डोळे पिवळे दिसायला लागले, तेव्हा गाडी काढली.

हे तीन दिवस फार मोलाचे असतात. लेप्टो सुरुवातीला साध्या प्रतिजैविकांना दाद देतो. उशीर झाला की मूत्रपिंडं, यकृत आणि फुप्फुसं धरतो. फुप्फुसात रक्तस्राव झाला की गोष्ट तासांवर येते. जगभरात दरवर्षी अंदाजे दहा लाखांहून अधिक लोकांना हा आजार होतो आणि ५८,९०० च्या आसपास मरतात, असा संशोधकांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. ज्याच्यावर वेळेत उपचार होऊ शकतात अशा आजारासाठी हा आकडा फार मोठा आहे.

दवाखान्यात गेल्यावर एक वाक्य न विचारता सांगायचं: "मी लावणीला होतो, घरी गुरं आहेत." पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, लेप्टो सगळे सारखाच चेहरा घेऊन येतात, डॉक्टरला तुमच्या पायाखालचा चिखल दिसत नसतो. दुसरं, रक्ततपासणीबद्दल. नेहमीची लेप्टोची चाचणी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणजे लेप्टो नाही, असं नाही. म्हणूनच अनुभवी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात. आणि अंगदुखीसाठी "एक सुई मारा" असा हट्ट धरू नये. दुखणं मारणारी काही औषधं मूत्रपिंडांवर ताण आणतात, आणि इथे आधीच तिथे चोर बसलेला असतो.

आता त्या तुसाकडे परत येतो.

आमच्या गोठ्याची जमीन जांभ्याच्या चिऱ्यांची. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांत मूत साचायचं आणि वर पेंढा टाकला की झाकलं जायचं. आम्ही पहिल्यांदा ते सांधे भरले, वर खरबरीत कोबा केला आणि दर चार फुटांना साधारण एक इंच असा उतार दिला. गुळगुळीत केला असता तर गाय घसरून पडली असती. मागच्या बाजूला मुताची नाळी काढली आणि ती विहिरीच्या उलट्या दिशेला, माडांच्या आळ्यांकडे वळवली. घरापासून, वाटेपासून आणि तरव्यापासून लांब. गायरीभोवती दीड हात उंचीचा गडगा, म्हणजे दगडांचा बांध, घातला आणि वर पत्रे, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यातून धुऊन निघणार नाही. शेणखतही जास्त कसदार मिळतं, ते वेगळंच.

जंतुनाशकाबद्दल एक चूक आम्हीही करत होतो. शेणामुताने भरलेल्या जमिनीवर ब्लीचिंग पावडर भुरभुरवली की पांढरं दिसतं आणि मनाला बरं वाटतं, पण तिच्यातलं क्लोरीन शेणातच खर्ची पडतं, जिवाणूपर्यंत पोचतच नाही. आधी खराट्याने घासून, पाण्याने धुऊन घ्यावं, मग पावडर किंवा कळीचा चुना. आणि उघडीप पडली की गुरं बाहेर बांधून गोठ्यात ऊन-वारा खेळू द्यावा.

सारवणाबद्दल विचारणारे बरेच असतात. शेणाने सारवलेल्या, वाळलेल्या जमिनीतून लेप्टो येत नाही. तो मुतात असतो आणि वाळल्यावर मरतो. शेणाचं खरं वैर जखमेशी आहे. धनुर्वाताचे बीजाणू जनावरांच्या आतड्यात आणि मातीत असतात, ते वाळून मरत नाहीत. जखमेला शेण लावणं, बाळाच्या नाळेला गोठ्यातलं काही लावणं, याने पूर्वी किती पोरं गेली असतील! मातांना टोचल्या जाणाऱ्या लसीमुळे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांमुळे २०१५ साली भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, ही आपल्या आरोग्यसेविकांची मोठी कमाई आहे.

विहिरीचंही तसंच. जांभा दगड चाळणीसारखा सच्छिद्र. वरून पडलेलं पाणी मातीतून हळूहळू गाळत जायला हवं, ते जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून सरळ खाली उतरतं. म्हणून शोषखड्डा, संडासाची टाकी, गायरी यांपैकी काहीही विहिरीच्या वरच्या अंगाला नको. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, पण घरच्या विहिरीकडे त्याचं लक्ष असेलच असं नाही. हिशोब सोपा आहे. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते होतं अठ्ठावीस हजार लिटरच्या थोडं वर, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवायची, निवळू द्यायची, वरचं पाणी विहिरीत ओतायचं आणि खालचा चुना टाकून द्यायचा. पोहरा चार वेळा खालीवर करून ढवळायचं आणि तासभर पाणी काढायचं नाही. रात्री टाकलेली उत्तम. पावडरीची पिशवी उघडी राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग उरतो नुसता चुना. मागच्या वर्षीची पिशवी यंदा वापरणं म्हणजे विहिरीला रांगोळी घालणं.

दुसरी वाट दुधाची आणि वितीची, म्हणजे गाय विण्याची. ब्रुसेलोसिस नावाचा आजार गुरांत असतो. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जिवाणू शोधला. गाय पाच महिन्यांपुढे गाभडली आणि वार अडकली, तर हा संशय आधी घ्यावा. त्या वारेत, गर्भजलात आणि मेलेल्या वासरात हे जिवाणू ठासून भरलेले असतात. आपल्याकडे काय होतं? घरातला कर्ता माणूस बाह्या वर सारून उघड्या हाताने वार ओढतो, मग ती कुत्र्यापुढे किंवा व्हाळात जाते. माणसाला झाला तर हा ताप चढतो-उतरतो, महिनोन्महिने रेंगाळतो. सांधे धरतात, रात्री घाम फुटतो, टायफॉइड म्हणून उपचार होत राहतात. खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा औषधांच्या दुकानात मिळतात, ते एक-दोन घरात असू द्यावेत. वार खोल खड्ड्यात, वर चुना घालून पुरावी. चार ते आठ महिन्यांच्या पाड्यांना, म्हणजे माद्या वासरांना, एकदाच टोचायची लस आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती देतात. पाडी आठ महिन्यांची होऊन गेली की ती संधी गेली.

आणि दूध उकळूनच. धारोष्ण दुधाचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलोय, स्वतः प्यालोही आहे, पण आता नातवंडांना देत नाही. खरवस प्रेमाने खावा, तो उकडलेला असतो. कच्च्या चिकाची चव घेण्याची सवय मात्र सोडावी.

तिसरी वाट गोचिडीची, आणि ती दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माकडताप. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडला, आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची मोठी साथ आली. इथे गाईची भूमिका चमत्कारिक आहे. तिला स्वतःला हा ताप येत नाही. पण मोठ्या गोचिडी तिच्या रक्तावर पोसतात, खाली पडून हजारो अंडी घालतात, आणि रानातली गोचीड तिच्या अंगावरून गोठ्यापर्यंत येते. माणसाला चावतात त्या बहुधा अर्धवट वाढलेल्या, तिळाएवढ्या. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. म्हणजे नेमका काजू गोळा करण्याचा, लाकडं आणण्याचा, पातेरा, म्हणजे वाळका पाला, झाडण्याचा काळ.

माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडलेलं शरीर सोडून आजूबाजूच्या पातेऱ्यात उतरतात. त्यामुळे मेलेल्या माकडाखालची जमीन सगळ्यात वाईट. मारुतीचं रूप म्हणून त्याला हार-कुंकू वाहून पुरण्याची श्रद्धा मी समजू शकतो, पण हात लावू नये. आरोग्य केंद्राला कळवावं, ते ठरावीक पद्धतीने विल्हेवाट लावतात. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, आणि गोठ्यात गुरांच्या कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ बघून पशुवैद्याने दिलेलं गोचिडनाशक. गोचीड नखाने चिरडू नये, ही सवय सुटायला सगळ्यात कठीण.

कुत्र्याचं थोडक्यात सांगतो, कारण अर्धं सगळ्यांना माहीत आहे. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो, आणि एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं, साबण ते विरघळवतो. तिखट, चुना, तंबाखू काही नाही. मग लगेच दवाखाना. लसीचे सगळे डोस पुरे करायचे, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत टोचायचं तयार प्रतिद्रव्यांचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्यायचं. जे कमी जणांना माहीत आहे ते असं: पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेली गाय काही आठवड्यांनी लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, आणि मालकाला वाटतं घशात काही अडकलंय. तो तोंडात हात घालतो. तो हात घालायचा नाही. आधी पशुवैद्य.

मांजराबद्दल गरोदर बायकांना उगाच घाबरवतात. टोक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून येतो हे खरं, पण ती विष्ठा ताजी असताना संसर्ग करत नाही, त्याला एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणजे रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केली, परसातली माती हाताळल्यावर हात धुतले, मटण नीट शिजवलं, की मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही. कोंबड्यांचं खुराडं मात्र स्वयंपाकघराला लागून नको. आणि अंडं हाताळलं की हात धुतल्याशिवाय सोलकढीत हात नको.

भाऊ आता ठीक आहे. त्याची मूत्रपिंडं सावरली, डायलिसिसची वेळ दोनदाच आली. काकी अजूनही लोकांना सांगते की त्याला लावणीचा शीण झाला होता, पण गोठा धुताना गमबूट घालते.

यंदा मृगाचे पहिले पाऊस झाल्यावर मी पुन्हा तूस सोडलं. नाळीने ते गायरीला न शिवता गेलं, माडाच्या आळ्यात शिरलं आणि तिथे गोल फिरत थांबलं. समाधानाने परत वळलो, तर पाणंदीत चार कण तरंगत चाललेले. उलटा माग काढत गेलो. घुशीने गडग्याच्या खालून, नाळीच्या अगदी तोंडाशी, सरळ पाणंदीत निघणारं बीळ पाडलं होतं.